धार राखण्याची विद्या

दाढीच्या पात्याचं पोलाद माणसाच्या केसापेक्षा सुमारे पन्नास पट कठीण असतं. तरीही काही दाढ्या झाल्या की हरतं ते पोलाद. केस पुन्हा उगवतो, पातं मात्र बोथट होतं. इतकी मऊ वस्तू इतक्या कठीण वस्तूला कशी बिघडवते, याचा नीट छडा २०२० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत लागला. जानलुका रोशोली, जेम ताशान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते काम केलं. रोशोलीनं बाजारातल्या पात्यांनी स्वतःची दाढी केली आणि प्रत्येक वेळी पातं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. धार हळूहळू गोलसर झिजलेली दिसेल, असा अंदाज होता. दिसले ते धारेचे उडालेले बारीक टवके.

टवका उडायला तीन गोष्टी एकाच जागी जुळाव्या लागतात. केस पात्यासमोर सरळ उभा न राहता कलतो. त्या जागी पोलादाची घडण एकसारखी नसते, कुठे कठीण तर कुठे किंचित मऊ कण असतात. आणि केस नेमका त्या दोहोंच्या सीमेवर, धारेवर आधीच असलेल्या एखाद्या खाचेपाशी भिडतो. मग सगळा ताण त्या एका बिंदूवर एकवटतो आणि पोलाद तुटतं. म्हणजे धार बिघडते ती आधीपासून असलेल्या दोषापाशी. धारेवर दोष जितके कमी, तितकी ती जास्त टिकते.

वस्तरा चालवणाऱ्या न्हाव्याकडे सूक्ष्मदर्शक नव्हता, पण त्याचं सगळं काम याच तत्त्वावर उभं होतं. पथरीवर, म्हणजे धारेच्या दगडावर, तो धारेतल्या खाचा काढायचा, चामोट्यावर, म्हणजे कातड्याच्या पट्ट्यावर, ती धार सरळ करायचा, आणि हे गिऱ्हाईक समोर बसण्याआधी झालेलं असायचं. गालावर फिरणारा हात सगळ्यांना दिसतो, म्हणून कसब तिथेच आहे असं वाटतं. माझ्या मते वस्तऱ्याची खरी विद्या धार राखण्यात आहे. दाढी ही त्या विद्येची शेवटची आणि तुलनेनं सोपी पायरी.

ही गोष्ट सांगायला मी दादरा-नगर हवेलीतलं नरोली हे गाव निवडलं आहे. सिल्वासाहून दमणगंगेचा पूल ओलांडला की नरोली लागतं आणि रस्ता पुढे भिलाडकडे, गुजरातच्या हद्दीत जातो. १७८३ मध्ये नगर हवेलीचा हा मुलूख मराठ्यांकडून पोर्तुगीजांकडे गेला. २२ जुलै १९५४ रोजी दादरा मुक्त झालं, २८ जुलैला भर पावसाळ्यात स्वयंसेवकांनी नरोलीच्या पोलीस ठाण्याला वेढा घालून ते ताब्यात घेतलं आणि २ ऑगस्टला सिल्वासा मोकळं झालं. पुढे करसवलतींमुळे या भागात कारखाने आले आणि कारखान्यांमागोमाग देशभरातून कामगार. नरोलीची नोंद २०११ च्या जनगणनेत गाव म्हणून नव्हे, शहर म्हणून झाली. पाळी सुटल्यावर इथल्या सलूनच्या एकाच खुर्चीत वारली, गुजराती, मराठी, हिंदी बोलणारे लोक पाठोपाठ बसतात. आणखी एक गोष्ट नरोलीची म्हणून सांगायला हवी: पाऊस. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त. पोलादाचं नाजूक पातं सांभाळायला याहून अवघड हवा शोधावी लागेल. अनोळखी माणसांची रांग आणि ओली हवा या दोन्हींचा वस्तऱ्याशी थेट संबंध आहे, तो पुढे येईलच.

आधी हत्यार पाहू. वस्तऱ्याला पातं आणि मूठ असे दोन भाग, मधे एक खिळा. मुठीची दोन फळकुटं पातं पोटात घेऊन मिटतात. पात्याला एका बाजूला जाड पाठ आणि दुसऱ्या बाजूला धार. पाठ ते धार अंतर साधारण १६ ते १९ मिलिमीटर, पाठीची जाडी पाचेक मिलिमीटर. हे प्रमाण सहज ठरलेलं नाही. पातं दगडावर आडवं टेकवलं की पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकतात आणि धारेचा कोन आपोआप १६ ते १८ अंशांच्या आसपास बसतो. सुरीला धार लावताना कोन हातानं सांभाळावा लागतो. वस्तऱ्यात तो पाठीनं बांधून दिलेला असतो. कोणाच्या डोक्यातून ही युक्ती प्रथम निघाली ते इतिहासात हरवलं आहे, पण माणसानं घडवलेल्या हत्यारांत इतकं सुज्ञ हत्यार क्वचितच असेल. पात्याच्या दोन्ही गालांना आत पोखरून खोलगट केलेलं असतं. त्यामुळे धारेजवळचं पोलाद अतिशय पातळ राहतं आणि घासायचा धातूही थोडा उरतो.

हे पोलाद साधारण एक टक्का कार्बनचं. आठशे अंश सेल्सियसच्या आसपास तापवून ते पाण्यात किंवा तेलात बुडवलं की कमालीचं कठीण होतं, पण काचेइतकं ठिसूळही. मग दीडशे ते दोनशे अंशांवर पुन्हा शेकून त्याचा ठिसूळपणा कमी करतात. आपल्याकडे या सगळ्या क्रियेला पाणी देणं म्हणतात. सुश्रुतसंहितेत शस्त्रांना तीन प्रकारचं पाणी देण्याचं वर्णन आहे: क्षाराचं, पाण्याचं आणि तेलाचं. यातून एक व्यावहारिक इशारा निघतो. जुना वस्तरा सायकलच्या चाकावर सुऱ्या-कात्र्यांना धार लावणाऱ्याकडे कधीही देऊ नका. फिरत्या चाकावर पातळ धार क्षणात दोनशे अंशांच्या पुढे तापते, तिच्यावर पिवळी-निळी झाक येते आणि पाणी उतरतं. त्यानंतर ती धार कितीही घासली तरी टिकत नाही.

उत्तम धारेच्या पोलादासाठी युरोपनं एके काळी भारताकडे पाहिलं होतं. दक्षिणेत मुशीत बनणारं पोलाद तिकडे ‘वूट्झ’ नावानं ओळखलं जाई. लंडनचे शस्त्रकार जेम्स स्टोडार्ट त्याच्या धारेवर खूश होते. १८१९ मध्ये मायकेल फॅरेडेनं वूट्झचं विश्लेषण केलं आणि पुढे स्टोडार्टसोबत पोलादाच्या मिश्रधातूंवर काम केलं. त्यातल्या एका मिश्रधातूचे वस्तरे बनवून त्यानं मित्रांना भेट दिले होते. विजेच्या शोधांनी अजरामर झालेला हा माणूस एके काळी वस्तऱ्याच्या पोलादात गुंतला होता, हे वाचून मला फार आनंद झाला. तोपर्यंत बेंजामिन हंट्समन यानं १७४० च्या दशकात विकसित केलेल्या मुशीतल्या पोलादामुळे इंग्लंडचं शेफिल्ड पुढे आलं होतं आणि जर्मनीचं झोलिंगेन तितकंच नावाजलं. भारतातल्या न्हाव्यांच्या धोकटीत पुढे तिकडचे वस्तरेही आले.

आता पथरी. खाच पडलेल्या किंवा फार बोथट वस्तऱ्याला आधी थोड्या भरड दगडावर, आजच्या मोजमापात हजार नंबरच्या, घ्यावं लागतं. इथे धारेचे दोन्ही उतार एका रेषेत भेटवायचे. मग चार हजार, मग आठ हजार, शक्य असेल तर बारा हजार. प्रत्येक पायरीत काम एकच: मागच्या दगडाचे ओरखडे पुढच्यानं पुसायचे. घाई करणारा भरड दगडावर कमी वेळ देतो आणि बारीक दगडावर तासभर घासत बसतो. त्यातून धार चमकते, पण कापत नाही. पहिल्या दगडावर धार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकसारखी जुळली नसेल, तर पुढचे सगळे कष्ट वाया जातात.

दगड सपाट हवा. वापरून वापरून मधे खड्डा पडलेला दगड धारेला वाकडी करतो, म्हणून दोन दगड एकमेकांवर घासून ते सपाट ठेवतात. पाणी शिंपडून पातं धारेच्या दिशेनं पुढे ढकलायचं, म्हणजे दगडावरून बारीक पापुद्रा काढत असल्यासारखं. परतीला ते पाठीवर उलटायचं, धारेवर कधीच नाही. भार फक्त पात्याच्या स्वतःच्या वजनाचा. नवशिक्यांच्या हातून सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे दाब. दाबलं की पातळ पातं वाकतं आणि धारेवर पोलादाचा एक बारीक फाटा उभा राहतो. तो फाटा काही काळ विलक्षण कापतो. पहिली दाढी सुरेख होते, दुसऱ्या दाढीत तो तुटून जातो आणि गाल ओरबाडतो.

नंतर चामोटा. कातड्याचा हा पट्टा एका टोकाला अडकवून ताणून धरायचा आणि त्यावरून पातं पाठ पुढे, धार मागे, अशा दिशेनं ओढायचं. पथरीच्या नेमकी उलट दिशा. धार पुढे करून ओढली तर कातडं कापलं जाईल आणि धारही जाईल. टोकाला पोहोचलं की पाठीवर उलटून परत. रोजच्या दाढीपूर्वी आधी जाड सुती कापडावर, मग कातड्यावर, तीस-चाळीस फेऱ्या पुरतात. चामोटा धातू फारसा काढत नाही. तो धारेवरचा ओलावा, गंजाचा पातळ थर आणि साबणाचा अंश पुसतो आणि किंचित वळलेली धार सरळ करतो. ज्यांना चामोटा जमतो त्यांना पथरी महिनोनमहिने लागत नाही. पूर्वीचे कितीतरी न्हावी तळहातावरच वस्तरा फिरवून धार सरळ करत, आणि त्यांचा तळहात कधी कापत नसे, कारण दिशा चुकत नसे.

सुश्रुताकडे मला पुन्हा यावंसं वाटतं. ग्रंथाच्या सूत्रस्थान या भागात त्यानं धारेची प्रतवारी दिली आहे: भेद करण्याच्या शस्त्राची धार मसुराच्या दाण्याइतकी, खरवडण्याच्या शस्त्राची त्याच्या निम्मी, टोचण्याच्या आणि रक्त वाहवण्याच्या शस्त्राची केसाइतकी, छेद घेण्याच्या शस्त्राची अर्ध्या केसाइतकी. शस्त्र घासायला उडदाच्या रंगाचा गुळगुळीत दगड घ्यावा आणि धार नीट बसवायला शाल्मलीची, म्हणजे काटेसावरीची फळी घ्यावी, असंही तो सांगतो. शस्त्राला धार नीट लागली याची खूण म्हणजे ते केस कापतं. दगड, फळी आणि केसाची परीक्षा: पथरी, चामोटा आणि दाढी या क्रमाचा इतका जुना लेखी पुरावा आपल्या देशात आहे आणि तो शस्त्रक्रियेच्या ग्रंथात आहे. गावचा न्हावी एके काळी गळू फोडायचा, लहानसहान जखमा पाहायचा, ते काही कुतूहलानं नव्हे. गावात सगळ्यात धारदार हत्यार आणि सगळ्यात स्थिर हात त्याच्याकडेच असायचा.

आता पाऊस. कार्बनच्या पोलादात क्रोमियम नसतं, त्यामुळे ते गंजतं. धारेची जाडी अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास असते, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पाठीवरचा ठिपक्याएवढा गंज पुसता येतो, पण धारेवर तेवढाच गंज म्हणजे खाच, आणि खाच म्हणजे टवक्याची सुरुवात. नरोलीसारख्या ठिकाणी जून ते सप्टेंबर वस्तरा राखायचा असेल तर काही गोष्टी चुकवून चालत नाही. दाढी झाली की पातं पाण्यात फक्त बुडवून काढावं आणि फडक्यानं पाठीकडून धारेकडे पुसावं. खिळ्याच्या फटीत पाणी राहतं, तिथे कापडाचं टोक घालून कोरडं करावं. उघडाच काही वेळ ठेवून मग मिटावा. कातडी पेटीत किंवा बंद डबीत ठेवू नये, कातडं ओल धरून ठेवतं. न्हाणीघरात तर अजिबात ठेवू नये. चार-आठ दिवस वापरायचा नसेल तर खनिज तेलाचा थेंब पात्यावर पसरावा. खोबरेल ओल्या हवेत खवट होतं आणि चिकटतं, ते टाळावं.

दाढीबद्दल सांगायचं ते थोडं आहे, पण तितकंच काटेकोर. केस कोरडा असताना कणखर असतो, पाणी प्यायला की मऊ होतो. म्हणून गरम पाण्यानं भिजवलेलं फडकं दोन-तीन मिनिटं चेहऱ्यावर ठेवावं आणि मग ब्रशनं भरपूर फेस करावा. नंतर वस्तरा गालाशी सुमारे तीस अंशांच्या कोनात धरावा. याहून सपाट धरला तर केस ओढला जातो, उभा धरला तर कातडी खरवडते. मोकळ्या हातानं कातडी ताणणं हे अर्धं काम आहे. लहान, सरळ फेऱ्या मारायच्या. पातं लांबीच्या दिशेनं जरासुद्धा सरकवायचं नाही, कारण आडवं सरकलेलं पातं केसाऐवजी कातडी कापतं. पहिली फेरी केस ज्या दिशेनं वाढतो त्याच दिशेनं. पहिले काही आठवडे फक्त गालांवर थांबावं, हनुवटीचं वळण आणि नाकाखालची जागा हात बसल्यावर. शेवटी गार पाणी आणि तुरटीचा खडा. तुरटी कातडी आकसते आणि बारीकसं रक्त थांबवते.

इतकं सगळं ज्याच्या हाती होतं, त्याला समाजानं काय दिलं? गावगाड्यात न्हावी बलुतेदार होता. वर्षभर त्यानं दाढ्या आणि डोकी करायची आणि सुगीला धान्याचा वाटा घ्यायचा. संत सेना न्हावी यांनी धंद्यातली हत्यारं अभंगांत आणली. प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवरायांना वाचवणारे जिवा महाला आणि पन्हाळ्याहून त्यांच्या जागी शत्रूपुढे गेलेले शिवा काशीद हे याच समाजातले. मात्र मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो १८९० मधला मुंबईतला निर्धार. कामगारांचे नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं तिथल्या न्हाव्यांनी एकत्र येऊन ठरवलं की विधवांचं केशवपन करायचं नाही. उच्चवर्णीय घरांतल्या विधवांच्या डोक्यावर वस्तरा फिरवायला न्हाव्यालाच बोलावलं जाई. त्या वस्तऱ्याच्या धन्यानंच हात मागे घेतला. समाजसुधारणेच्या पुस्तकांत व्याख्यानांना जितकी जागा मिळते तितकी या नकाराला मिळायला हवी होती.

वस्तऱ्याचा बदल मात्र बाहेरून आला. किंग कॅम्प जिलेटनं बदलत्या ब्लेडचा रेझर १९०३ मध्ये विकायला काढला. पहिल्या वर्षी ५१ रेझर आणि १६८ ब्लेड खपले, १९०४ मध्ये पेटंट मिळालं आणि पुढच्या काही वर्षांत घराघरात धार लावण्याची गरजच संपली. तरीही सलूनमध्ये वस्तरा अनेक दशकं टिकून राहिला. तिथून त्याला हटवलं आजारांच्या भीतीनं. भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण १९८६ मध्ये आढळले. कावीळ पसरवणारा हिपॅटायटिस बी हा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तात, किमान सात दिवस तग धरतो. ज्या खुर्चीत दिवसभर अनोळखी माणसं बसतात तिथे एकच पातं, ते कितीही निगुतीनं राखलेलं असलं तरी, एकाच्या गालावरून दुसऱ्याच्या गालावर नेणं धोक्याचं आहे. फक्त पाण्यात बुडवल्यानं, तुरटी किंवा जंतुनाशकाचा शिडकावा केल्यानं तो धोका जात नाही.

म्हणून आज नरोलीपासून नागपूरपर्यंत सलूनमधला वस्तरा म्हणजे मुठीत बसवलेली नुसती पकड. दोन्ही बाजूंनी धार असलेलं ब्लेड कागदी वेष्टनात असतानाच मधोमध मोडायचं, त्यातलं अर्धं पकडीत अडकवायचं, दाढी झाली की टाकून द्यायचं. ते पातं जेमतेम ०.१ मिलिमीटर जाड, क्रोमियम असलेलं, त्यामुळे नरोलीच्या पावसातही गंजाची फिकीर नाही. हा बदल मी पूर्णपणे योग्य मानतो. गिऱ्हाइकाचं आरोग्य कुठल्याही परंपरेपेक्षा मोठं आहे. पण त्यासोबत पथरी आणि चामोट्याची विद्या धोकटीबाहेर गेली, आणि ती बहुतेक ठिकाणी लिहून ठेवलेली नाही. हात ते हात असा तिचा प्रवास होता आणि तो थांबला आहे. सलूनमध्ये तो पुन्हा सुरू होणार नाही. घरी, स्वतःच्या दाढीसाठी, स्वतःच्याच वस्तऱ्यावर तो सुरू ठेवता येतो, आणि तिथे कोणाला धोका नाही.

तुमच्या घरी आजोबांचा वस्तरा पडून असेल तर तो चाकावर नेऊ नका, गंजलेला पाहून फेकूही नका. पाठीवरचा गंज सहसा वरवरचा असतो. धारेवर खोल खड्डे नसतील तर तो पुन्हा उभा राहतो. गावात पथरीवर धार काढणारा एखादा जुना न्हावी असेल, तर त्याच्याकडे बसा, तो हात कसा चालवतो ते पाहा आणि लिहून ठेवा. आणि सलूनमध्ये, नरोलीत असा की आणखी कुठे, ब्लेड आपल्या डोळ्यांदेखत वेष्टनातच मोडून बाहेर काढल्याखेरीज गळ्यावर वस्तरा लावू देऊ नका.